हवाई सुरक्षेच्या संशोधनाला सरकारी अनुदान: पैसा नेमका कशासाठी मिळतो

प्रश्न असा आहे की, विद्यापीठातील एखाद्या संशोधन गटाला नागरी हवाई वाहतुकीच्या सुरक्षेवर किंवा तंत्रज्ञानावर काम करायचे असेल, तर सरकारी अनुदानासाठी प्रस्ताव कसा मांडावा आणि शास्त्रीयदृष्ट्या चांगले असलेले प्रस्तावही या क्षेत्रात वारंवार का नाकारले जातात. असे प्रस्ताव लिहिण्याचे आणि नंतर मूल्यांकन समितीत बसून ते वाचण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या आधारावर थोडक्यात सांगायचे तर, नाकारलेल्या बहुतेक प्रस्तावांत विज्ञान कच्चे नसते. निष्कर्ष हाती आल्यावर तो कोण वापरणार आणि त्यामुळे कोणता निर्णय बदलणार, याचे उत्तर त्यांत नसते. इतर अनेक क्षेत्रांत शोधनिबंध हेच संशोधनाचे फळ मानले जाते. हवाई सुरक्षेत मात्र अनुदान देणारी संस्था बहुधा नियामक असते किंवा नियामकासाठी काम करत असते, आणि तिला नियम, मानक, प्रमाणीकरणाची पद्धत किंवा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम यांपैकी काहीतरी बदलण्यासाठी पुरावा हवा असतो.

सरकारने हा खर्च का करावा, हे आधी स्पष्ट असावे, कारण प्रस्तावाची भाषा त्यावरून ठरते. इंधन कमी लागणारे इंजिन तयार केले की ते विकता येते, त्यामुळे त्यावर उत्पादक स्वतःहून खर्च करतात. सुरक्षेचे तसे नाही. एखादा धोका सगळ्याच कंपन्यांच्या सगळ्याच विमानांना सारखाच असेल, तर त्याचा अभ्यास करण्याची जबाबदारी कोणा एकाची राहत नाही. शिवाय सुरक्षेच्या बाबतीत एकमेकांशी स्पर्धा करायची नाही, असा या उद्योगाचा जुना संकेत असल्याने एकाने शोधलेला उपाय शेवटी सर्वांना द्यावाच लागतो. जिथे फायदा सर्वांचा, पण खर्चाची जबाबदारी कोणाचीच नाही अशी स्थिती असते, तिथे सार्वजनिक पैसा लागतो. आपला विषय या जागेत बसतो की उत्पादकाच्या नेहमीच्या विकासकामात मोडतो, हा समितीपुढे येणारा पहिला प्रश्न असतो.

विंड शीअर, म्हणजे थोड्याच अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा एकदम बदलणे, याचे उदाहरण या संदर्भात नीट पाहण्यासारखे आहे. 24 जून 1975 रोजी न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचे 66 क्रमांकाचे उड्डाण कोसळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. शिकागो विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी या अपघाताचा अभ्यास करून मांडले की, वादळी ढगातून हवेचा एक अरुंद झोत वेगाने खाली येऊन जमिनीवर आदळतो आणि चहूकडे पसरतो; विमानाला आधी समोरून वारा मिळतो, वैमानिक शक्ती कमी करतो आणि काही क्षणांतच तोच वारा पाठीमागून लागतो. या झोताला त्यांनी मायक्रोबर्स्ट म्हटले. अनेक हवामानशास्त्रज्ञांना हे पटले नव्हते. 1982 मध्ये डेन्व्हरच्या परिसरात डॉप्लर रडार लावून मोठी क्षेत्रीय मोजणी झाली, तेव्हा अशा घटना चांगल्याच वारंवार घडतात हे दिसले. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ पॅन अमचे विमान उड्डाणानंतर लगेच पडून 153 जणांचा मृत्यू झाला. 2 ऑगस्ट 1985 रोजी डॅलस-फोर्ट वर्थ येथे डेल्टाच्या 191 क्रमांकाच्या उड्डाणात 137 जण गेले, आणि त्यानंतर 1986 मध्ये अमेरिकेची संघीय विमान वाहतूक संस्था, म्हणजे एफएए, आणि नासा यांनी संयुक्त कार्यक्रम हाती घेतला. नासाचे संशोधन करणारे बोइंग 737 विमान 1991 आणि 1992 च्या उन्हाळ्यांत ऑरलँडो व डेन्व्हर येथे मुद्दाम मायक्रोबर्स्टमधून नेण्यात आले, समोरचा धोका आधी ओळखणारी रडार आणि लेसर उपकरणे त्यावर तपासली गेली, आणि 1994 मध्ये अशा रडारला प्रवासी विमानांसाठी प्रमाणपत्र मिळाले. दरम्यान 1988 मध्येच विमानांत विंड शीअरचा इशारा देणारी यंत्रणा बसवणे नियमाने बंधनकारक झाले होते.

गृहीतक मांडण्यापासून उपकरण प्रमाणित होईपर्यंत सुमारे दोन दशके गेली. या काळात एकाच अनुदानाने सगळे काम झाले नाही. मूलभूत निरीक्षणाला एका प्रकारचा पैसा लागला, क्षेत्रीय मोजणीला दुसऱ्या प्रकारचा, उपकरणाच्या उड्डाण चाचणीला तिसऱ्या प्रकारचा आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणाला आणखी वेगळा. जो प्रस्ताव तीन वर्षांत गृहीतकापासून प्रमाणपत्रापर्यंत जाण्याचे वचन देतो, तो समितीतल्या अनुभवी माणसाला या इतिहासामुळेच खोटा वाटतो. आपण या साखळीतील कोणती कडी बनवणार आहोत, अलीकडची कडी कोणी बनवली आहे आणि पलीकडची कोण बनवणार आहे, हे सांगणारा प्रस्ताव आकाराने लहान असला तरी वजनदार ठरतो.

आता संशोधनाचा निष्कर्ष नियमात कसा उतरतो, याचे दुसरे उदाहरण. 17 जुलै 1996 रोजी टीडब्ल्यूएचे 800 क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्कहून निघाल्यावर काही मिनिटांतच मधल्या इंधनटाकीतील वाफांच्या स्फोटामुळे कोसळले आणि विमानातील सर्व 230 जण मरण पावले. टाकीच्या रिकाम्या भागातला ऑक्सिजन कमी केला तर स्फोट होत नाही, ही गोष्ट लष्करी विमानांमुळे आधीच माहीत होती. परंतु लष्करी निकष सुमारे 9 टक्के ऑक्सिजनचा होता आणि तो गाठणारी यंत्रणा प्रवासी विमानाला वजनाने व खर्चाने परवडणारी नाही, असे उद्योगातील अभ्यासगटांचे मत पडले. न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीजवळच्या एफएएच्या तांत्रिक केंद्रात झालेल्या प्रयोगांनी हे गणित बदलले. गोळीबाराचा धोका नसलेल्या प्रवासी विमानाला समुद्रसपाटीच्या पातळीवर सुमारे 12 टक्के ऑक्सिजनची मर्यादा पुरते, असे त्यांतून दिसले, आणि तेवढ्यासाठी पोकळ तंतूंच्या पडद्यांतून हवेतील नायट्रोजन वेगळा काढणारी तुलनेने साधी यंत्रणा चालते हेही प्रत्यक्ष उड्डाणांत दाखवता आले. 2008 मध्ये नियम निघाला. 9 आणि 12 यांच्यातील फरक हाच त्या संशोधनाचा मुख्य ऐवज होता. प्रस्ताव लिहिताना मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी विचारतो की, तुमच्या कामातून कोणती संख्या बाहेर येईल आणि ती कोणत्या नियमात, मानकात किंवा कार्यपद्धतीत जाऊन बसेल. संख्याच असली पाहिजे असा आग्रह नाही. तपासणीची पद्धत किंवा चाचणीची प्रक्रियाही चालते. मात्र ती ठोस असावी.

अनुदानाचे विषय कुठून येतात, हेही समजून घ्यावे. बहुतांशी ते अपघातांतून येतात, हे मान्य करायला हवे. 28 एप्रिल 1988 रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या 243 क्रमांकाच्या उड्डाणात बोइंग 737 च्या छताचा पुढचा मोठा भाग हवेतच उडून गेला आणि एका विमानसेविकेचा मृत्यू झाला. त्या विमानाने 89 हजारांहून अधिक उड्डाणे केली होती आणि पत्र्यांच्या सांध्यांत थकव्याच्या भेगा पडल्या होत्या. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने हवाई सुरक्षा संशोधनाचा कायदा केला, जुन्या होत चाललेल्या विमानांवरील संशोधनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि 1990 मध्ये विद्यापीठांना आणि ना-नफा संस्थांना अनुदान देण्याचा अधिकार एफएएला मिळाला. त्यातून जे काम झाले, त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग नव्या उपकरणांचा नाही. अमुक लांबीची भेग प्रत्यक्ष हँगरमध्ये, रात्रपाळीत, थकलेल्या निरीक्षकाला किती वेळा सापडते, हे शिस्तीने मोजण्याचा आहे. तपासणी किती उड्डाणांनंतर पुन्हा करायची, हे त्या मोजमापावाचून ठरवता येत नाही.

अपघातानंतर पैसा येतो म्हणून अपघाताची वाट पाहत बसावे, असे अर्थातच नाही. नियामक संस्था आपला संशोधन आराखडा प्रसिद्ध करत असतात. अमेरिकेत राष्ट्रीय हवाई संशोधन आराखडा नियमितपणे निघतो आणि त्यावर सल्ला देणारी स्वतंत्र समिती असते. युरोपात हवाई वाहतूक व्यवस्थापनासाठी 2007 पासून सेसार आणि विमान तंत्रज्ञानासाठी 2008 पासून क्लीन स्काय व त्यानंतर क्लीन एव्हिएशन असे संयुक्त उपक्रम चालत आले आहेत, आणि त्यांचे विषय बहुवार्षिक आराखड्यांतून जाहीर होतात. हे दस्तऐवज कंटाळवाणे असतात. तरीही त्यांत कोणत्या प्रश्नापुढे कोणत्या वर्षी कोणता निर्णय अपेक्षित आहे, हे लिहिलेले असते, आणि प्रस्तावासाठी याहून उपयोगी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

एक नमुना जवळून पाहू. धावपट्टी ओली किंवा बर्फाळ असताना विमान थांबायला किती अंतर लागेल, या विषयावर पुष्कळ प्रस्ताव येतात. त्यांपैकी बरेच साधारण अशा वाक्याने सुरू होतात: "धावपट्टीवरील ब्रेकिंगचा अंदाज वर्तवण्यासाठी मशीन लर्निंगवर आधारित अभिनव प्रणाली विकसित करणे हा या प्रकल्पाचा उद्देश आहे." या वाक्यात चूक काही नाही आणि पकडही काही नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, धावपट्टीच्या स्थितीच्या अहवालाची जागतिक पद्धत 4 नोव्हेंबर 2021 पासून लागू केली आहे. तीनुसार धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांश भागाला 0 ते 6 यांपैकी एक संकेतांक दिला जातो. 6 म्हणजे कोरडी धावपट्टी. हे ठाऊक असलेला संशोधक तोच प्रस्ताव असा सुरू करील: "धावपट्टीला संकेतांक देताना विमानतळाचा निरीक्षक पाणी, अर्धवट वितळलेला बर्फ किंवा बर्फ यांचा प्रकार आणि त्यांची खोली यांवर अवलंबून असतो; नुकत्याच उतरलेल्या विमानांच्या ब्रेकिंगच्या नोंदींवरून तो संकेतांक एका पायरीने खाली आणण्याचा निर्णय किती विश्वासाने घेता येईल आणि त्यासाठी किमान किती विमानांच्या नोंदी लागतील, हे आम्ही मोजणार आहोत." गणित दोन्हीकडे तेच असू शकते. पण दुसऱ्या वाक्यात निर्णय घेणारा माणूस आहे, तो आज काय करतो हे आहे आणि उद्या काय बदलेल हेही आहे. शिवाय निष्कर्ष नकारात्मक आला, म्हणजे अशा नोंदींवर विसंबता येत नाही असे सिद्ध झाले, तरी नियामकाच्या दृष्टीने पैसा वाया जात नाही.

याच नमुन्यात पुढची अडचणही दिसते, आणि माझ्या अनुभवात प्रकल्प सर्वाधिक वेळा तिच्यामुळेच रखडतात. ब्रेकिंगच्या नोंदी विमान कंपन्यांकडे असतात. त्या कंपन्या तुम्हाला त्या का देतील? उड्डाणाच्या माहितीवरून वैमानिकाला शिक्षा होऊ नये यासाठी वैमानिक संघटनांशी करार झालेले असतात, आणि सुरक्षाविषयक माहितीच्या संरक्षणाची तत्त्वे इकाओच्या 19 व्या परिशिष्टातही आहेत. गोपनीयतेचे महत्त्व किती आहे, हे अमेरिकेतील सुरक्षा-अहवाल प्रणालीवरून कळते: 1976 पासून चालत आलेल्या या प्रणालीचा खर्च एफएए करते, परंतु वैमानिक आणि नियंत्रक आपल्या चुका मोकळेपणाने कळवू शकावेत म्हणून ती चालवण्याचे काम मात्र नासाकडे आहे, कारण नासाला कोणावर कारवाई करण्याचा अधिकार नाही. तेव्हा "माहिती विमान कंपन्यांकडून मिळवली जाईल" असे भविष्यकाळातले वाक्य प्रस्तावात असेल, तर अनुभवी परीक्षक तिथेच खूण करतो. कंपनीचे पत्र जोडलेले हवे, आणि त्या पत्रात कोणत्या नोंदी, किती काळाच्या, कोणत्या प्रकारे ओळख पुसून आणि कोणाच्या मंजुरीने मिळतील, हे असावे. "या महत्त्वपूर्ण संशोधनास आमच्या शुभेच्छा आहेत" अशी पत्रेही जोडली जातात. ती न जोडलेली बरी.

आता पैशाच्या स्वरूपाकडे येतो. अनुदान आणि कंत्राट यांतला फरक अनेकांना कागदी वाटतो, पण वाद पुढे तिथेच होतात. कंत्राटात सरकार स्वतःसाठी काहीतरी विकत घेत असते, त्यामुळे काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे हे तेच ठरवते. अनुदानात ते सार्वजनिक हिताच्या कामाला मदत करत असते, त्यामुळे दिशा बदलण्याची आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची मोकळीक संशोधकाला जास्त असते. या दोहोंच्या मध्ये सहकार्य करार असतो. त्यात सरकारी तज्ज्ञ कामात प्रत्यक्ष सहभागी होतात. अमेरिकेत हे तीन प्रकार 1977 च्या कायद्याने वेगळे केले आहेत. हवाई सुरक्षेत मला सहकार्य करार बहुधा अधिक फलदायी वाटतो, कारण नियम लिहिणारा अभियंता पहिल्या वर्षापासूनच चर्चेत असतो. त्याचा जाच वाटतो, हेही खरे आहे.

निधीत स्वतःचा वाटा किती घालावा लागेल, हे कार्यक्रमानुसार बदलते. एफएएच्या उत्कृष्टता केंद्रांत सरकारी पैशाइतकाच पैसा किंवा वस्तुरूप योगदान विद्यापीठाने व त्याच्या भागीदारांनी उभे करावे, हे मूळ तत्त्व आहे. 2010 पासून चालणाऱ्या इंधन, उत्सर्जन व आवाज कमी करण्याच्या कार्यक्रमात विमान व इंजिन उत्पादकांना आपला मोठा वाटा द्यावा लागतो. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप कार्यक्रमात संशोधन प्रकारच्या प्रकल्पांना मान्य खर्चाच्या 100 टक्क्यांपर्यंत आणि नवोपक्रम प्रकारच्या प्रकल्पांत नफा कमावणाऱ्या कंपन्यांना 70 टक्क्यांपर्यंत निधी मिळतो, तर अप्रत्यक्ष खर्च सरसकट 25 टक्के धरला जातो. वस्तुरूप योगदान कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात एखाद्या कंपनीने सिम्युलेटर वापरायला दिला, तर त्याचा तासाचा दर कोणत्या आधारावर धरला, तो दर बाहेरच्या ग्राहकाला लावला जातो का, आणि तेच तास दुसऱ्या एखाद्या सरकारी प्रकल्पात योगदान म्हणून आधीच दाखवलेले नाहीत ना, हे लेखापरीक्षक विचारतो. या तिन्हींची लेखी उत्तरे पहिल्याच दिवशी फायलीत ठेवावीत.

अंदाजपत्रकात सर्वांत जास्त चुकणाऱ्या बाबी म्हणजे उड्डाण चाचणी आणि माणसे. विमानाच्या तासांचा खर्च सगळे धरतात. पण बदल केलेल्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळवण्यासाठी लागणारे अभियांत्रिकी काम, विमा आणि खराब हवामानामुळे वाया जाणारे दिवस धरले जात नाहीत. सिम्युलेटरवरच्या अभ्यासात सहभागी म्हणून नियमित उड्डाण करणारे वैमानिक लागतात, त्यांच्या ड्यूटीच्या वेळापत्रकातून वेळ काढावा लागतो आणि मानवी सहभागामुळे नैतिकता समितीची मंजुरी लागते. विद्यार्थ्यांवर प्रयोग करून वैमानिकांबद्दल निष्कर्ष काढणारे प्रस्ताव स्वस्त पडतात आणि त्याच कारणाने बाद होतात. संवेदक, ड्रोन किंवा दिशादर्शन यांवर काम असेल, तर निर्यात-नियंत्रणाचे, म्हणजे संवेदनशील तंत्रज्ञान परदेशी व्यक्तींच्या हाती देण्यावरील निर्बंधांचे, नियम लागू होतात का, हे परदेशी विद्यार्थ्याला प्रकल्पावर नेमण्याआधी तपासावे. नंतर तपासले तर त्या विद्यार्थ्याचे वर्ष जाते.

तंत्रज्ञान कितपत तयार आहे हे दाखवणारी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी नासाने रूढ केली आणि आज जवळजवळ सगळे निधीदाते ती मागतात. खालच्या तीन पायऱ्यांना विद्यापीठाचा पैसा मिळतो, वरच्या तीन पायऱ्या उद्योग स्वतः चढतो. खरी टंचाई चौथ्या ते सहाव्या पायरीची असते. तिथे भागीदारीशिवाय काही होत नाही. धावपट्टीच्या टोकापलीकडे विमानाची चाके रुतवून ते थांबवणारा, चुरा होणाऱ्या हलक्या काँक्रीटचा पट्टा हे त्याचे चांगले उदाहरण आहे: एफएए, विद्यापीठ, उत्पादक आणि विमानतळ प्राधिकरण एकत्र आले, 1996 मध्ये जेएफके विमानतळावर तो प्रथम बसवला गेला आणि 1999 मध्ये तिथेच धावपट्टी ओलांडून गेलेले एक साब 340 विमान त्यात सुखरूप थांबले. विमानतळाने जागा दिली नसती, तर ते संशोधन अहवालातच राहिले असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण सध्या निम्मे प्रस्ताव तिचे नाव घेऊन येतात की काय असे वाटते. विमानातील सॉफ्टवेअरच्या प्रमाणीकरणात प्रत्येक ओळ कोणत्या गरजेतून आली हे दाखवावे लागते. उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्क या प्रणालीत ते तसे दाखवता येत नाही. युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने 2020 मध्ये या विषयाचा मार्गदर्शक आराखडा काढला तो याच अडचणीमुळे. म्हणून दुसऱ्या क्षेत्रात चाललेले तंत्र विमानाला लावून पाहणाऱ्या प्रस्तावापेक्षा, असे तंत्र कोणत्या मर्यादेत आणि कोणत्या पुराव्याने स्वीकारता येईल हे शोधणाऱ्या प्रस्तावाला नियामकाकडे अधिक वाव आहे. तिथे काम करणारे गटही अजून थोडे आहेत.

शेवटी, प्रत्यक्ष लिहायला बसण्याआधी एक काम करावे. अनुदानाच्या जाहिरातीत तांत्रिक संपर्काचे नाव दिलेले असते. स्पर्धा सुरू झाल्यावर तो अधिकारी बोलू शकत नाही किंवा सर्वांना सारखेच उत्तर देतो. जाहिरात निघण्याआधी मात्र त्याला दोन पानांचे टिपण पाठवणे बहुतेक ठिकाणी चालते. त्या टिपणात पद्धतीचे वर्णन अर्ध्या पानात आटोपावे आणि उरलेल्या जागेत विचारावे की, या प्रश्नावर त्यांच्या विभागाला कोणता निर्णय घ्यायचा आहे, केव्हा घ्यायचा आहे आणि आज त्यासाठी कोणता पुरावा अपुरा पडतो. उत्तर "आम्हाला याची गरज नाही" असे आले, तर तो विषय मूलभूत विज्ञानाच्या निधीकडे न्यावा. तिथे त्याच कामाचे परीक्षण वेगळ्या निकषांवर होते आणि तेच त्याला अधिक न्याय देणारे असते.